वाढलेली बांगडी

रात्र घालवण्यासाठी मराठीत चांगले क्रियापद नाही. आपण रात्र ‘काढतो’. ती इस्पितळाच्या बाकावर काढतो, मनमाडच्या फलाटावर काढतो, नाही तर परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक मांडीवर घेऊन काढतो. आनंदाची असेल तर ‘जागवतो’. पण तिथेही कुणी तरी देव मध्ये लागतो. गोंधळ असो, मंगळागौर असो, देवाच्या नावावाचूनचे जागरण म्हणजे एक तर आजारपण, नाही तर उनाडकी, असा आपला सरळ हिशेब आहे. मी वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवते आहे. वर्गातली मुले ‘नाइट आउट’ म्हणतात तेव्हा, एरवी प्रत्येक इंग्रजी शब्दाला अडवणारी मी, गप्प बसते. सांगायला माझ्याजवळ शब्द नाही.

सुदैवाने आपल्याकडे कोजागिरी आहे. त्या रात्री लक्ष्मी ‘को जागर्ति’ असे विचारीत हिंडते, म्हणजे जागणाऱ्याला परवानाच. गेल्या कोजागिरीला ती जुन्या नाशकात तिवंध्याच्या अंगाला आली असती, तर तिला एका वाड्याच्या गच्चीवर चाळिशी ओलांडलेल्या चार बायका चष्मे लावून, दुखरे गुडघे सावरीत, फुटक्या काचा चिकटवताना दिसल्या असत्या. लक्ष्मी तिथे थांबली असती की नाही, याविषयी आमच्यात मतभेद होते. घरात फुटकी काच ठेवू नये, असे आमच्यातली थोरली संध्याकाळपासून बजावीत होती.

नावे सांगत नाही. नाशिक वाढले आहे खरे, पण नावे सांगून चालावे इतके अजून वाढलेले नाही. थोरली ही वर्गात आम्हा सर्वांहून सहा महिन्यांनी मोठी. एवढ्या भांडवलावर तिने आयुष्यभर थोरलेपण चालवले. बँकेत अधिकारी आहे. चतुर्थी, गुरुवार, पौर्णिमा सगळे पाळते, आणि कुणाच्या घरी अडचण आली की सर्वांच्या आधी डबा घेऊन तीच उभी असते. दुसरी आमची ड्रॉइंगबाई. शाळेत चित्रकला शिकवते. वाडा तिच्या वडिलांचा. तिसरी सिन्नरकडे शिक्षिका आहे, तिला आम्ही सिन्नरवालीच म्हणतो. तिचे यजमान त्याच्या आदल्या वर्षी अकस्मात वारले. त्यानंतर आम्ही चौघी एकत्र अशा बसलोच नव्हतो. तिघी बसलो होतो, तिच्याविषयी बोललो होतो. ती येईल असे कुणालाच वाटले नव्हते. ती सर्वांत आधी आली, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत घरचा चिवडा.

बेत ड्रॉइंगबाईचा. वाडा दिवाळीनंतर पाडायचा ठरला होता. जुन्या नाशकातले वाडे ज्या कारणाने पडतात त्याच कारणाने: भाऊ पाच, जिने दोन, आणि गळती सर्वत्र. वरच्या दिवाणखान्याच्या दारांवर कमानीत रंगीत तावदाने होती, लाल, निळी, पिवळी. त्यांतली निम्मी तर आमच्या लहानपणीच क्रिकेटच्या चेंडूने गेली होती. उरलेली काढताना सुताराच्या हातून फुटली. ती तिने गोणपाटावर मांडून ठेवली होती. “पाडायच्या आधी एकदा ह्या दिवाणखान्याचं काही तरी करायचं, आणि ते दिवसा करायचं नाही. दिवसा भाऊ येतात,” ती म्हणाली.

घरोघरी त्यावर जी चर्चा झाली ती सांगण्यासारखी नाही. आमच्याकडे एवढेच विचारण्यात आले की, घरात रोज काय कमी फुटते, म्हणून त्यासाठी गावात जायचे?

माल मात्र भरपूर जमला. तावदाने होती. भंगारवाल्याकडून पोतेभर बाटल्या आल्या होत्या. अलीकडे नाशकाच्या भोवताली द्राक्षांची दारू करणारे कारखाने झाल्यापासून आमच्या भंगारात गडद हिरव्या काचेची चंगळ असते. आणि भद्रकालीकडच्या एका बांगडीवाल्याने वाहतुकीत फुटलेल्या बांगड्यांची एक पिशवीच उचलून दिली. पैसे घेईना. “फुटक्याचे कसले पैसे घ्यायचे ताई,” म्हणाला.

फुटकी काच म्हणजे केर, हे घरातले शास्त्र. कारखान्यातले शास्त्र निराळे आहे. वाळू, सोडा आणि चुनखडी यांची काच होते, हे आपण शाळेत शिकतो. पण त्या मिश्रणात फुटक्या काचेचा चुरा घातला तर भट्टी कमी जाळावी लागते, आणि मिश्रण लवकर वितळते, हे कुणी शिकवत नाही. काच कितीही वेळा फुटली आणि वितळली तरी काचच राहते. तळेगावचा पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव हिंडून माणशी एक पैसा मागितला, लोकमान्यांनी पाठ राखली, आणि पैशापैशाने भट्टी पेटली. आमच्या लहानपणी कुठल्याही फुटक्या कंदिलाविषयी आजोबा “तळेगावची असेल, स्वदेशी आहे, टाकू नका” असे म्हणत. ती काच खरोखर तळेगावची होती असे मी म्हणत नाही. आजोबांचे देशप्रेम तारखांच्या बाबतीत काटेकोर नव्हते.

तर चित्र कशाचे करायचे? पहिली सूचना अर्थात मोराची आली. हस्तकलेच्या प्रदर्शनात मोर नसला तर परीक्षक घाबरतात, असा ड्रॉइंगबाईचा अनुभव. ती म्हणाली, मोर सोडून काहीही. मग द्राक्षांचा घड आला, रामकुंड आले, काळाराम आला. शेवटी वाड्याचाच दिंडी दरवाजा करायचा ठरला. साडेतीन फूट उंचीच्या प्लायवूडवर तिने खडूने दरवाजा काढला, दिंडी अर्धवट उघडी. दोनशे वॅटचा एक दिवा तारेने ओढून गच्चीवर आणला, आणि आम्ही दहा वाजता बसलो.

काच कापतात हे मला तोपर्यंत खरे वाटत होते. काच कापत नाहीत. हिरकणीच्या लेखणीने तिच्यावर फक्त एक ओरखडा काढतात, आणि मग दोन्ही अंगठ्यांनी त्या ओरखड्याच्या दोन बाजूंना दाबतात. ती त्या रेषेवरच मोडते. कशी मोडते पाहा, ‘टक्’ एवढाच आवाज. ओरखडा मध्येच तुटलेला असला की मात्र मनाला येईल तशी जाते. बाटलीची काच गोलवट, ती ओल्या फडक्यात गुंडाळून हातोडीने फोडावी लागते, म्हणजे कपच्या उडत नाहीत. थोरलीने डोळ्यांवर मुलाचा पोहण्याचा चष्मा चढवला होता. त्या वेषात तिला बँकेच्या ग्राहकांनी पाहायला हवे होते.

दीड तासात कळले की आपल्यात चित्रकार एकच आहे. मी लावलेली दरवाजाची डावी चौकट जरा झुकली. ड्रॉइंगबाईने ती पाहिली, आणि वाड्याची खरी चौकटही झुकलेलीच आहे, असे म्हणून पुढे सरकली. शिक्षकाने कसे असावे ते मी तिथे पाहिले. काम करता करता तिने नेकचंदांची गोष्ट सांगितली. चंदीगडला रस्त्यांच्या खात्यात निरीक्षकाची नोकरी करणारा हा माणूस. नवे शहर वसवण्यासाठी जुनी गावे पाडली गेली, त्यांचा मलबा त्याने १९५७-५८च्या सुमारापासून रानात नेऊन साठवला. दिवसा नोकरी आणि रात्री चोरून हे. त्यातून माणसे केली, जनावरे केली, पाणक्या बायका केल्या. कुणाच्या अंगावर फुटक्या बश्या, कुणाच्या अंगावर फुटक्या बांगड्या. सरकारी जागेत हे सगळे बेकायदा. सरकारला कळले तेव्हा ते पाडून टाकावे की लोकांना दाखवावे असा प्रश्न पडला. १९७६ साली ‘रॉक गार्डन’ म्हणून ते खुले झाले, आणि पुढे १९८४ साली त्याच माणसाला पद्मश्री मिळाली. “म्हणजे आपलं हे सापडलं तर निदान पाडणार तरी नाहीत,” थोरली म्हणाली. मग वाड्याची आठवण होऊन एकदम गप्प झाली.

बांगड्यांची पिशवी मी ओतली, आणि काही क्षण कुणी कामाला हातच लावला नाही. चौघींनी एकदमच म्हटले: काचापाणी!

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही अशा पिढीला काय सांगावे. आमच्या परकरातल्या काळात प्रत्येकीजवळ एक डबी असे, आणि डबीत फुटक्या बांगड्यांचे तुकडे. ते मुठीत घेऊन फरशीवर पसरायचे, आणि एकेक तुकडा बोटाने असा अलगद काढायचा की शेजारचा हलता कामा नये. हलला की डाव गेला. जिंकले की काचा आपल्या. त्यांतही प्रतवारी होती: साधी हिरवी सर्वांत खालची, सोनेरी रेघेची वरची, आणि ज्या काचेतून पाहिले की सगळे जांभळे दिसे तिच्यासाठी मैत्री मोडत असे. आईच्या हातातली एखादी नक्षीची बांगडी कधी फुटेल याची वाट पाहणाऱ्या आम्ही दुष्ट मुली होतो. त्याच काचांचा, आरशाच्या तीन पट्ट्यांत घालून, शोभादर्शक होई. सर डेव्हिड ब्रूस्टर नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८१६ साली तो शोधला, असे पुस्तकात वाचले तेव्हा मला त्या साहेबाचे आश्चर्य वाटले: त्याला फुटक्या बांगड्या कुणी दिल्या असतील?

आणि बांगडी फुटली असे म्हणायचे नाही, हे त्याच वयात कानावर पडलेले. बांगडी ‘वाढते’. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. मंगळसूत्र तुटले तरी ते वाढवले. घरातले तांदूळ संपत नाहीत, उदंड होतात. आणि निघालेला माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. भाषेने वाईटावर घातलेली ही पांघरुणे मी दरवर्षी वर्गात हौसेने शिकवते. विद्यार्थी हसतात, आणि नारळ ‘वाढवणे’ पाठ करून परीक्षेत लिहितात. पण एक गोष्ट त्या रात्रीपर्यंत माझ्या ध्यानात आली नव्हती. चालताना, भांडी घासताना, दारात आपटून फुटली तर बांगडी वाढते. नवरा गेल्यावर फोडतात तेव्हा मात्र भाषा सरळ ‘फोडल्या’ म्हणते. तिथे पांघरूण नाही. एवढ्या जपणाऱ्या भाषेला तिथे एक शब्द सुचला नाही, की कुणाला तो हवासा वाटला नाही?

बारा वाजता दूध झाले. रिवाजाप्रमाणे दुधात चंद्र पडला पाहिजे म्हणून दिवा मालवला. (दिव्याचेही पाहा, तो विझत नाही.) गोदावरीच्या बाजूने गार वारा येत होता, नाशकात कोजागिरीला शाल लागते. थोडा वेळ डोळ्यांना काही दिसेना, आणि मग सगळे दिसू लागले, पण रंगांवाचून. चांदण्यात रंग दिसत नाहीत. दोन तास जी काच आम्ही लाल, निळी, हिरवी म्हणून वेगळी करीत बसलो होतो ती सगळी एकच राखी ढीग होऊन पडली होती. कडा तेवढ्या चमकत होत्या.

त्या उजेडात सिन्नरवालीने पिशवीतून पेढ्यांचा पत्र्याचा डबा काढला, आणि त्यातले तुकडे थोरलीच्या तळहातावर ओतले.

“चांगल्या जाड आहेत गं. कुठल्या?” थोरलीने विचारले.

कुणी तरी दिवा लावला. सगळे तुकडे हिरवे होते, एकाच जातीचे.

“ह्या त्या,” सिन्नरवाली म्हणाली.

थोरलीने मूठ मिटली नाही, हात मागेही घेतला नाही. तशीच बसून राहिली. मग सिन्नरवालीने आम्हाला, त्या दीड वर्षात पहिल्यांदाच, त्या दिवसाचे सांगितले. फार थोडे. नात्यातल्या एका वृद्ध बाईंनी तिचे हात पाटावर ठेवले आणि बत्त्याने बांगड्या फोडल्या. सासूबाई उठून माजघरात गेल्या. केर भरायला कुणी आले त्याच्या आधी तिची नऊ वर्षांची मुलगी तिथे बसली आणि तिने सगळे तुकडे वेचून डब्यात भरले. “आई, सगळ्या हिरव्या आहेत. काचापाणीला होतील.” तो खेळ तिला आईनेच शिकवला होता. डबा मग कपाटावर राहिला. फेकायला कुणाचा हात धजेना, आणि खेळायलाही.

“हे चित्रात नको,” थोरली म्हणाली.

“अपशकुन म्हण की. तो शब्द मी ऐकलेला आहे.”

“तो नाही म्हणत मी!” थोरली एवढी मोठ्याने बोलली की खालच्या बिऱ्हाडातला दिवा लागला. “तुझ्या हातातल्या आहेत त्या. चित्र भिंतीवर लागणार. येणारा-जाणारा बघणार, वा, काय छान हिरवा जमलाय म्हणणार. मला नाही ते बघवणार.”

मी तिच्याविरुद्ध बोलायच्या तयारीने बसले होते, पण हे ऐकून माझ्याजवळचे मुद्दे उपयोगाचे राहिले नाहीत. श्रद्धाळू माणूस जे बोलेल असे आपण धरून चालतो, ते तो पुष्कळदा बोलत नाही. तरीही माझ्या डोक्यात भलतेच चालले होते. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ साली उत्खनन झाले, तेव्हा बहामनी काळातल्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे निघाले. आमच्या नाशकातल्या मातीच्या गढीवरही १९५०-५१ साली डॉ. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी खणले; ती जागा या वाड्यापासून काही दूर नाही. मातीचे थर लावताना असे तुकडे संशोधकांच्या उपयोगी पडतात. घडण, रंग, वेलबुट्टी पाहून ते काळ सांगू शकतात. पण ती बांगडी पाण्याला गेलेल्या एखादीची विहिरीच्या काठावर वाढली, की कुणी दगडाने फोडली, ते तुकडा पाहून कुणालाही सांगता यायचे नाही. पाचशे वर्षांनी त्या दोन्ही एकच. हे मी तेव्हा बोलले नाही. बोलण्यासारखे नव्हते, ज्या बाईच्या हातावर वळ अजून मनात आहेत तिला पाचशे वर्षे दाखवण्यात काय अर्थ?

“चित्रात घालायला आणल्याच नाहीत मी,” सिन्नरवाली म्हणाली. “मला तोरण करायचंय. आपण करायचो ना मेणबत्तीवर, तसं. दाराला लावायला.”

“कुणाच्या दाराला?”

“माझ्या.”

थोडे थांबून ती पुढे म्हणाली, “हेरवाडचा ठराव झाला ना, तेव्हा मी तो वर्तमानपत्रातून वर्गात वाचून दाखवला होता. मुलींना समजावून सांगितला. आणि माझ्यावर आलं तेव्हा मी हात पुढे केले. कुणी धरले नव्हते माझे हात. मीच ठेवले पाटावर.”

हेरवाड हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातले गाव. राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, ४ मे २०२२ रोजी, तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की गावात पती वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे आणि बांगड्या फोडणे बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा असे कळवले. वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापले. आपण सुशिक्षितांनी ते वाचून, आपल्याकडे हे कुठे आहे आता, असे म्हटले. आपल्याकडे ते आहे. ते बिनआवाजाचे झाले आहे एवढेच. बत्त्याऐवजी साबण लावून बांगड्या उतरवतात, आणि पुढल्या हळदीकुंकवाला बोलावायचे विसरतात.

गच्चीवर वाऱ्याने मेणबत्ती राहीना, म्हणून आम्ही खाली माजघरात गेलो. तिथे भिंतीत दिवळ्या होत्या, शंभर वर्षांच्या काजळीने काळ्या झालेल्या. चार दिवळ्यांत चार मेणबत्त्या लावल्या. तुकडा चिमट्यात धरून आधी ज्योतीच्या वर नुसता फिरवायचा, अंगासरशी तापू द्यायचा. एकदम ज्योतीत नेला तर ‘टच्’ करून तडकतो. मग टोक ज्योतीच्या वरच्या अंगाला धरायचे. ते लालसर होऊन नरम पडते आणि आपल्याच वजनाने वाकू लागते. त्याच क्षणी दुसऱ्या चिमट्याने दोन्ही टोके एकमेकांना भिडवायची, म्हणजे कडी होते. पुढची कडी वळवण्याआधी तिच्यात ही ओवायची. क्षण चुकला की काच आखडते.

माझ्या तीन कड्या लागोपाठ तडकल्या. ड्रॉइंगबाईच्या कड्या सुरेख होत, पण एकीला पाच मिनिटे. तेवढ्यात थोरलीने पोहण्याचा चष्मा कपाळावर सारला, माझ्या हातातला चिमटा काढून घेतला आणि बसकण मारली. तिला ती कला अशी येत होती की आम्ही पाहतच राहिलो. लहानपणी तिच्या आईने सातपूरच्या खोलीत बांगड्यांची तोरणे करून विकली होती, वडिलांची नोकरी गेली तेव्हा. पस्तीस वर्षांच्या मैत्रीत हे आम्हाला माहीत नव्हते. ती ज्योतीवरची नजर न काढता सांगत होती आणि कडीत कडी पडत होती.

फिरोजाबादेला बांगड्या होतात तिथेही शेवटचे काम असेच आहे. वितळलेल्या काचेची तार फिरत्या रुळावर वेढ्यावेढ्यांनी गुंडाळतात, ती एका रेषेत कापली की प्रत्येक वेढ्याचे एक उघडे कडे सुटते. त्याची दोन टोके ज्योतीवर जुळवायची असतात. त्याला ‘जुडाई’ म्हणतात, आणि ती कारखान्यात होत नाही. गल्लीबोळांतल्या घरांतून होते, बरीचशी बायकांच्या हातून, धुराने डोळे चुरचुरत असताना आणि अगदी थोड्या मजुरीवर. आपण कासाराकडे हात पुढे करून चुडा भरतो तेव्हा त्या प्रत्येक बांगडीला एका अनोळखी बाईने सांधलेले असते. मी हे थोरलीला सांगितले. ती म्हणाली, “मजुरी किती म्हणालीस?” बँकेतली माणसे अशीच.

सिन्नरवाली फारसे बोलली नाही. ती तुकडे निवडून लांबीप्रमाणे लावून देत होती. मध्येच एकदा तिच्या बोटाला काच लागली, रक्त आले, तिने ते तोंडात धरले आणि दुसऱ्या हाताने काम चालू ठेवले. थोरली तिच्यावर रागावली, हळद आणायला स्वयंपाकघरात धावली, आणि त्या रिकाम्या घरात हळद कुठली? शेवटी थंड पाण्यावर भागवले. साडेचारला शेवटची कडी झाली. काजळी पुसून तोरण उचलले तेव्हा ते मध्येच तुटेल म्हणून चौघींनी चार ठिकाणी धरले होते.

वर चित्र अर्धेच राहिले होते. ते पुढे ड्रॉइंगबाईने एकटीने पुरे केले. दिंडीचा हिरवा बाटल्यांचा आहे. पाहणारे वा, काय छान जमलाय, असेच म्हणतात. वाडा जानेवारीत पडला.

पहाटे खाली उतरून आम्ही मिसळ खायला गेलो. हाताला फेविकॉल, नाकाला काजळी. दुकानातल्या पोऱ्याने विचारले, काकू, कुठे लग्न होतं का? थोरलीने त्याला “हो” म्हणून सांगितले.

तोरणाची पुढची हकीकत मला दिवाळीनंतर फोनवर कळली. सिन्नरवालीने ते धनत्रयोदशीला आतल्या दाराला लावले. सासूबाईंनी पाहिले. कुठून आणले, हे विचारले नाही; हिरव्या काचा त्यांनी ओळखल्या असणारच, लग्नानंतर दरवर्षी सुनेला चुडा त्यांनीच भरवला होता. दोन दिवस त्या दारातून जरा वाकून जात राहिल्या, तोरण इतके खाली नसतानाही. शेजारच्या दोघी पाडव्याला येऊन गेल्या, त्यांनी वर पाहिले आणि फराळाच्या ताटाकडे पाहिले. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्टूल ओढले, फडके ओले करून वर चढल्या, आणि एकेक कडी पुसायला लागल्या. आकाशकंदिलाच्या बाजूची धूळ बसली होती. सून स्वयंपाकघरातून पाहत होती. तोंडातून शब्द काढायची तिला भीती वाटत होती.

एक बारीक आवाज झाला.

“एक वाढली गं,” सासूबाई वरूनच म्हणाल्या.

मुलगी धावत आली, खाली पडलेले दोन तुकडे तिने उचलले, आणि डब्यात टाकले.